दांडा का पडला नाही

सकाळच्या एसटीने सारंगखेड्याहून डबा आला. सोबत निरोपही आला.

"ताई, मोटार जयी गयी," कंडक्टर खिडकीतून डबा देत म्हणाला. "पाटील बलाई ऱ्हायनात. लगेच."

"जळाली? कोणती मोटार?"

"नदीवरली. आनखी कोनती?"

कोकिळाने डबा छातीशी धरला. केळीच्या खोडाच्या ओल्या पट्टीने तो दोनदा आवळून बांधला होता. आई गेल्यापासून आबा स्वतः भाकरी थापत, पिठलं करत आणि डबा असाच बांधत. एक वेढा पुरला असता. पण सगळं दुहेरी बांधायची सवय त्यांना त्याच वर्षी लागली होती.

डबा न उघडताच ती त्याच परतीच्या गाडीत चढली.

ती मुंबईच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. चार वर्षं तिथे तिने दुसऱ्यांनी योजलेल्या यंत्रांचे नकाशे शाईने गिरवले होते. शेवटी नोकरी सोडून तिने शहाद्याला दोन खोल्यांत स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे ती, एक लेथ आणि एक मदतनीस. तिथे ती मोटारीचा स्टार्टर बनवी. विजेच्या तीन तारांपैकी एक गेली की मोटार उरलेल्या दोन तारांवर कण्हत चालते आणि बघता बघता जळते. खानदेशात हे रोजचंच होतं. कोकिळाच्या स्टार्टरचा दांडा अशा वेळी आपोआप खाली पडे आणि मोटार बंद होई.

सारंगखेड्याच्या पाणीपुरवठा सोसायटीने एक स्टार्टर रात्रभर चालवून पाहायचं कबूल केलं होतं. आज दुपारी पंच ठरवणार होते. त्यांनी होकार दिला तर तापीकाठच्या साऱ्या मोटारींवर तिचे स्टार्टर बसले असते. नाही म्हटलं तर कारखाना मिटवायचा. मुंबईच्या कंपनीने तिची जागा अजून भरली नव्हती. महिनाअखेर वाट पाहू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

नदीकाठच्या पत्र्याच्या खोपटात जळक्या वार्निशचा वास कोंडला होता. मोटारीची तार कोळशासारखी झाली होती. सोसायटीचे चेअरमन चुडामण पाटील दारात उभे होते. शेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरात प्रेमचंदशेठ. शहाद्यात मुंबईच्या मोटारी आणि स्टार्टर विकायचं त्यांचं दुकान होतं. थोडं मागे, टोपी हातात घेऊन आबा.

पाटलांनी कोकिळाकडे पाहिलं आणि प्रश्न आबांना विचारला.

"बन्सीलाल, हाई काय व्हयनं?"

आबा खाली पाहत राहिले.

"मी पाहते," कोकिळा म्हणाली.

"पाहायला काय राहिलं?" प्रेमचंदशेठ हसले. "कोकिळाबेन, लोणच्याची बरणी फुटली तर नवी घेता येते. मोटारीचं तसं नसतं."

उत्तर दिलं असतं तर आवाज चढला असता, आणि चढलेल्या आवाजाचाही पुरावा झाला असता.

ती आधी विजेच्या खांबाकडे गेली. तीन फ्यूजपैकी एक गेला होता. तो कुणी मुद्दाम काढला असेल, ही पहिली शंका. तिने फ्यूज उघडला. आतली तार वितळून तिचे बारीक मणी झाले होते. म्हणजे हाताने काही केलेलं नव्हतं. तार आपसूक गेली होती. अशाच वेळी तिचा दांडा पडायला हवा होता.

मग दांडा का पडला नाही?

राखणदार करमसिंग बांधावर बसला होता. तो डोंगरातल्या पाड्यावरचा. केळीच्या कामाला आलेला आणि इथेच राहिलेला.

"रात्री मोटारीचा आवाज बदलला का?" तिने विचारलं.

"बदलला, बाई. पहाटं. म्हशीसारखी हंबरायला लागली."

"मग बंद का केली नाहीस?"

करमसिंगने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तू बोलली ना, हात लावू नको, दांडा आपोआप पडंल. मी बाहेर वाट पाहत होतो. पडंल, पडंल. मग धूर आला."

कोकिळाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला होता, आणि त्या विश्वासातच मोटार जळाली होती.

"काल संध्याकाळी मी गेल्यावर खोपटात कोण आलं?"

"शेठ आला. सगळं पाहून, हसून गेला. मग बन्सीलाल दाजी आले. उदबत्ती लावली."

"आणि धूर आल्यावर?"

"मी गावात पळालो. दाजीचं घर पहिलं. ते माझ्या पुढं धावले. आत गेले, मेन बंद केली. मग पाटील आले."

प्रेमचंदशेठ पुढे झाले. "हो, मी आलो होतो. माल बघायला बंदी आहे का?"

"दांड्याला हात लावलात?"

"लावला. हलका वाटला."

"हात दाखवा. स्प्रिंगला हात लावला असेल तर वंगण लागलं असेल."

शेठनी हसत दोन्ही तळवे पुढे केले. तळवे स्वच्छ होते. धोतरावरही डाग नव्हता.

कोकिळा आत गेली. स्टार्टरचा दांडा खाली होता. तिने तो वर ढकलला, सोडला. खट्कन पडला. स्प्रिंग ठीक होती. तिने दांडा उजेडाकडे वळवला. काल पॉलिश केलेल्या लोखंडावर तपकिरी काळपट रेघ होती, वर्तुळाकार. तिने अंगठ्याने घासली. निघाली नाही. खालीच, तिला चिकटून, तशीच दुसरी रेघ.

तिने पिशवीतला डबा बाहेर काढून पाहिला आणि परत ठेवला.

दुपारी पंच जमले. कोकिळा खोपटाच्या दारात उभी राहिली.

"फ्यूज आपोआप गेला," ती म्हणाली. "स्टार्टर बिघडलेला नाही. आताही दांडा पडतो, पाहा. पहाटे तो पडू शकला नाही, कारण कुणीतरी तो वर बांधून ठेवला होता."

"कोनी?" पाटील म्हणाले.

"दांड्यावर केळीच्या चिकाचा डाग आहे. सुकी पट्टी डाग पाडत नाही, ओलीच पाडते. शेठचे हात आणि धोतर कोरं आहे. चीक लागला असता तर आठवडाभर निघाला नसता. शिवाय दांडा बांधून मोटार जाळायची, तर फ्यूज जाणार हे आधी ठाऊक हवं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे बांधणाऱ्याला मोटार जाळायची नव्हती. त्याला फक्त ती चालू ठेवायची होती. पाटील येण्याआधी त्यानेच ती पट्टी कापून टाकली."

ती थांबली. पुढचं वाक्य तिच्याजवळ तयार होतं. डागाचे वेढे दोन होते. गावात एकच माणूस सगळं दोनदा बांधत असे.

"पट्टी..." ती म्हणाली, आणि गप्प झाली.

मागून कुणीतरी खाकरलं.

"मी बांधी व्हती," आबा म्हणाले. "दोन येढा दिन्हा."

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

"माले वाटनं, पंच येवाना पहिले रातले दांडा पडी जाई. लोके हासतीन. म्हनतीन, बन्सीलालनी पोरनं यंत्र बंद पडनं. तिनी माय ऱ्हाती तर..."

"आबा," कोकिळा म्हणाली, "पडाकरताच करेल शे तो."

तिला रडू येत नव्हतं, रागच येत होता. साऱ्या गावाने तिच्यावर विश्वास ठेवला नसता तरी तिला चाललं असतं. आबांनी तिच्यावर ठेवला होता, तिच्या कामावर नाही. हे कुणाला सांगायचं?

चुडामण पाटील पुन्हा आबांकडे वळले. "मंग बन्सीलाल, खरंच चालस का हाई?"

"माले कसाले इचारतस?" आबा एकदम मोठ्याने म्हणाले. "तिले इचारा!"

पाटलांनी पहिल्यांदाच कोकिळाकडे मान वळवली.

तिने स्टार्टर उतरवला आणि शेजारच्या गिरधरभाऊंच्या मोटारीला जोडला. मोटार सुरू झाली, पाटात पाणी आलं. मग तिने लाकडी दांडीने त्या मोटारीच्या खांबावरचा एक फ्यूज खेचून काढला. मोटार हंबरू लागली. सगळे दांड्याकडे पाहत होते. तो वरच होता. प्रेमचंदशेठच्या ओठांवर हसू आलं.

खट्. दांडा पडला. पाणी थांबलं.

"पडनं! बंद पडनं!" मागून कुणी ओरडलं, आणि लोक हसले.

"हो, बंद पडलं," कोकिळा म्हणाली. "पाटील, मोटारीला हात लावा."

पाटलांनी बोटाने शिवून पाहिलं, मग अख्खा तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"जयनी नही," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, "आते एकच लेसूत. आनि जयेल मोटार तू तुन्हा खर्चाना भरी दे. मंग दखसूत."

एकच. आणि जळकी मोटार पदरची. प्रेमचंदशेठ छत्री उघडून निघाले. त्यांना घाई नव्हती.

"भरून देते," कोकिळा म्हणाली. मुंबईला नकार कळवायचा, हे तिचं ठरलं होतं.

तिने फ्यूज परत बसवला, दांडा पुन्हा वर केला, पुन्हा फ्यूज खेचला. या वेळी ती दांड्याकडे पाहत नव्हती. मोटार हंबरली तशी आबांचा चिकाने काळा पडलेला हात आपोआप दांडा धरायला वर गेला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि दांडा पडेपर्यंत सोडला नाही.