छाती एकेचाळीस

बसा. तुमच्या ब्लाउजला हूक लावून होईपर्यंत ऐकाच. वेड लागलंय म्हणालात तरी चालेल, आमचे हे रोजच म्हणतात.

मागच्या गल्लीतल्या काकूंकडे मी गेले ती भर दुपारी, अगदी साध्या कामाला. त्यांचा थोरला सैन्यात होता. चोवीस वर्षांपूर्वी लढाईत बेपत्ता झाला, तेव्हा बाविशीचा. मेलेला कुणी पाहिला नाही, जिवंतही कुणी पाहिला नाही. आता कार्यालयातून कागद आला होता. आईनं सही केली की तो मृत ठरणार आणि पलटणीच्या दालनात त्याचा फोटो नि गणवेश लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सही करायची होती. घरात त्याच्या गणवेशाचा एकच शर्ट उरलेला. तो द्यायला काकूंचा जीव होईना, म्हणून मी तसाच दुसरा शिवायचा होता.

"दुकानात पाठवायचात की," मी म्हटलं.

"तो घराबाहेर जात नाही," काकू म्हणाल्या. "चल आत."

मागची खोली. खिडकी बंद, कपाटाच्या दाराला हँगर, हँगरवर शर्ट. धुतलेल्या कापडाचा वास यायला हवा होता. आला तो उन्हातून चालत आलेल्या माणसाचा.

"ताई, लवकर आटपा हो," दारातून धाकटा म्हणाला. "आई परत रडत बसेल." वाईट नाही तो. आईचं रोज वाट बघणं बघून बघून बिचारा थकला होता.

माणसं मी विसरते, मापं नाही. थोरला सुटीवर आला तेव्हा हाच शर्ट मी त्याला बेतून दिला होता. छाती छत्तीस. नुसता काडीपैलवान! गुदगुल्या होतात म्हणून इतका हसला की माझं माप दोनदा चुकलं.

मी शर्टाभोवती टेप लावली. एकेचाळीस.

पुन्हा लावली. एकेचाळीस. तेव्हा कुठे लक्षात आलं, शर्ट लोंबत नव्हताच. बटणं ताणली होती. टेपखालचं कापड ऊबदार होतं... आणि डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली.

टेप टाकून पळायला हवं होतं. पण सवय फार वाईट. पस्तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणते, तेच तोंडातून निघालं.

"श्वास रोखू नकोस रे. सोड."

टेप सैल झाली.

बोटभर. मग घट्ट. पुन्हा सैल. संथ... गाढ झोपलेल्या माणसासारखी.

"काकू," मी हाक मारली. "इकडे... इकडे या जरा."

टेपची दोन्ही टोकं मी त्यांच्या हातात दिली. त्यांचे हात टेपसोबत मागेपुढे होऊ लागले.

"किती भरली?" त्यांनी हळूच विचारलं.

"छाती एकेचाळीस. कंबर चाळीस. डाव्या खांद्याला... काहीतरी लागलं असणार, काकू."

"पोट सुटलंय मेल्याचं!" त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. मग आम्ही दोघी हसत सुटलो, हसता हसता ढसाढसा रडलो. अहो, बाविशीत गेलेलं पोर बाविशीचंच राहतं ना? त्याला शेहेचाळिशीचं पोट कुठून सुटणार?

"आई, काय चाललंय?" धाकटा घाबरला होता.

"उद्या जायचं नाही. मी सही करणार नाही," काकूंनी सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गणवेश शिवू नकोस. घरी घालायचा साधा शर्ट शिव. या मापाचा."

शिवला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी टेप घेऊन जाते. मागच्या आठवड्यात श्वास फार जोरात चालला होता, कापड घामानं ओलं. "चालतोय," काकू म्हणाल्या. "घाईत आहे." धाकट्यानं तर मुकाट्यानं वरच्या खोलीतली थोरल्याची गादी उन्हात टाकली.

आज सकाळी टेप लावली, तर हलेचना. मी घाबरून पुन्हा लावली. काकू मात्र चक्क हसत होत्या.

"लपलाय," त्या कुजबुजल्या. "लहानपणी मला घाबरवायला असाच दम कोंडून उभा राहायचा."

धाकटा पुढच्या दाराकडे निघाला. काकूंनी त्याचा हात धरला. "थांब. त्याचं त्याला येऊ दे." आणि खुर्ची ओढून दारासमोर बसल्या.

खोटं कशाला सांगू, माझी काही तिथे थांबायची छाती झाली नाही. मी मागच्या दारानं सटकले. जाताना फक्त एकदा वळून बघितलं. कुणी हाक मारली नव्हती, कडी वाजली नव्हती. पण पुढच्या दाराखालच्या फटीतून आत येणारी उन्हाची रेघ दोन जागी तुटली होती... पावलाएवढी.