अनवाणी

शेट्यांच्या घराच्या भिंती कशाच्या, यावर कोणी वाद घातला नव्हता. साखरप्यात घर म्हटलं की जांभा. छपराचंही निभावलं. घोडं अडलं ते फरशीवर.

शुभांगीबाईंना शहाबादी हवी होती. खरखरीत, गार, पाय घसरायची भीती नाही. त्यांच्या सुनेला, तन्वीला, जाणती फरशीच हवी होती आणि तिच्यापुढे दुसरं नाव काढायची सोय नव्हती. तिचंही चूक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई भाड्याच्या घरात न्हाणीघराच्या दारात पडल्या, तेव्हा त्यांचा मुलगा केदार घाटात गाडीवर होता आणि तन्वी बँकेत. संध्याकाळी कुलूप उघडेपर्यंत त्या तिथेच पडून होत्या.

जाणती फरशी दिसायला इतर चकचकीत फरश्यांसारखीच. पण तिच्या पोटात एक पातळ संवेदी थर असे. पाऊल कुठे पडलं, टाच आधी टेकली की चवडा, भार कोणत्या बाजूला गेला, हे त्याला कळे. उघड्या तळपायातून येणारी स्नायूंची बारीकशी वीजही तो टिपे. माणूस पडलं तर फरशी फोन करी. आणि पडायच्या कितीतरी आधी, नुसत्या चालण्याच्या ढबीवरून, अंगात काय शिजतंय ते सांगे. कंपवातासारखं दुखणं तर हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी पावलात उतरतं म्हणे. डॉक्टरांच्या डोळ्याला ते दिसत नाही. फरशीला दिसतं.

केदारला ती आवडली होती. आईला तो चिडवायचा, की आता चोरून लोणचं खायला उठलीस तरी जमीन चुगली करणार तुझी.

केदारबद्दल एक सांगायला हवं. सपाटीवरच्या बसगाड्या आता आपल्या आपण धावत होत्या, चालकाची खुर्चीसुद्धा काढून टाकली होती. पण आंबा घाटातलं धुकं, दरडी आणि मध्येच रस्त्यात येऊन उभे राहणारे गवे यांच्यापुढे यंत्राने हात टेकले होते. घाटगाडीवर माणूसच लागे. असे मोजके चालक उरले होते आणि त्यांतला एक केदार होता. याचा त्याला भारी अभिमान. गाडी सोडली तर या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

तर ही तिघं फरशी बघायला कोल्हापूरला गेली. शोरूममधल्या मुलीने शुभांगीबाईंचं नाव नोंदवून घेतलं आणि नमुन्याच्या फरशीवरून चालून दाखवा म्हणाली. नवीन जमिनीवर पहिलं पाऊल घरातल्या थोराचं, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. इकडे बाई काठावरच थिजल्या. इतकी गुळगुळीत जमीन बघून त्यांना न्हाणीघराचं दार आठवलं असणार. मुलीचा फोन वाजला, ती बाजूला गेली. केदारने बूटमोजे काढले, आईच्या काखेत हात घातला आणि तिला जवळजवळ उचलतच पलीकडे नेलं.

पडद्यावर पिवळा दिवा लागला. शुभांगी शेट्ये, कंपवाताची पूर्वचिन्हे, डॉक्टरांना दाखवावे.

तन्वीचा चेहरा उतरला. मुलीने धीर दिला, इतक्या लवकर कळलं म्हणजे औषधाने बरीच वर्षं चांगली जातात, काळजी करू नका. घरी लावून बघायला म्हणून नमुन्याची एक फरशीही दिली. जागच्या जागी पावलं टाकली तरी हिला कळतं, म्हणाली.

केदार बाहेरच्या बाकावर बसून बूट चढवत होता, तेव्हा ती मुलगी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना त्याने ऐकलं, "पायमोजे काढा हं आजोबा. कापडावरून हिला दुखणं कळत नाही."

त्याने शेजारी पाहिलं. आई चपलेत पाय सरकवत होती. पायांत तपकिरी मोजे. तिच्या टाचांना बारा महिने भेगा. रोज कोकमाचं तेल चोळायचं आणि वर मोजे घालायचे, हा तिचा जुना नेम. आजही ते तिने काढले नव्हते. म्हणजे त्या फरशीवर उघडे पाय दोनच होते, आणि ते तिचे नव्हते.

केदार बुटाच्या नाड्या न बांधताच उठला.

परतीच्या वाटेवर त्याने जाहीर केलं की ही फरशी नको. घर आहे की पोलीस चौकी? तन्वी अवाक झाली. काल नाचत होतास आणि आज आईंना खरी गरज आहे म्हटल्यावर माघार? मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. ती बोलायची, तो ताटावरून उठायचा. आईची काळजी नाही तुला, इथपर्यंत गोष्टी गेल्या. त्याला ते फार लागलं, पण बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्याला खात्री नव्हती. तन्वीने कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. सासूबाईंच्या हातून विळी काढून घेतली, उंबऱ्यावर हात धरायला लागली. शुभांगीबाई निमूट सगळं करून घेत होत्या. एरवी भाजी चिरायची विळी सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

नव्या घरात, माजघराच्या कोब्यावर, ती नमुन्याची फरशी मांडून ठेवलेली होती. कामावर नजर टाकायला आला की केदार तिला वळसा घालून जायचा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने बांधलेल्या खोलीत हा माणूस भिंतीला घासून चालत होता.

फरशीचं काय, यंत्रच ते, चुकलं असेल, असं तो मनाशी घोकत होता. उजवा पाय हल्ली जरा जड वाटतो तो नव्या बुटांमुळे. मग मंगळवारी धुक्यात, एका आंधळ्या वळणावर, गवा समोर आला. केदारला तो लगेच दिसला. ब्रेक दाबायचा हेही लगेच कळलं. पण पाय हलला नाही. एक क्षण तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा होता तिथेच राहिला, आणि मग जागा होऊन दाबला गेला. गाडी गव्याच्या शिंगांपाशी थांबली. मागे माणसं ओरडली, मग हसली, मग टाळ्या पडल्या. काय ब्रेक मारलात शेट्ये, यंत्राला जमलं नसतं हे! एका बाईने तर पोराला त्याच्या पाया पडायला लावलं. केदारने हसून मान डोलावली. मग गाडी हलवण्याआधी त्याने ब्रेक दोनदा दाबून पाहिला.

दुसऱ्या दिवशी नियाजभाई टेम्पो घेऊन नव्या घरी आला. तो फरशी बसवणारा, लांज्याचा, आणि त्याला दोन गोष्टींचा राग, ओल्या वाळूचा आणि ज्याचं काही ठरत नाही अशा गिऱ्हाइकाचा. टेम्पोत केदारने मागवलेली शहाबादी होती. उतरवू का, एवढंच त्याने विचारलं. केदार हो म्हणणार, तोच शुभांगीबाई म्हणाल्या, "भाई, तुम्ही आधी चहा घेऊन या."

त्या माजघरात उलट्या घमेल्यावर बसल्या होत्या. नियाजभाई गेला तसं त्यांनी मुलाकडे न बघता सांगून टाकलं.

"मी पायमोजे काढले नव्हते रे त्या दिवशी."

केदारने भिंतीला पाठ टेकली. "कधी कळलं तुला?"

"शोरूममध्येच. ती पोरगी त्या म्हाताऱ्याला सांगत होती ना, तेव्हा. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्या पायांकडे बघत होतास." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "म्हटलं राहू दे माझ्या नावावर. मला कुठे गाडी चालवायची आहे? डॉक्टरांना काय सांगायचं ते नंतर बघू. तुझी गाडी गेली तर तू किती दिवस माणसात राहशील, मला ठाऊक आहे."

केदारला रडू आवरेना. इतके दिवस एकट्याने उचललेलं ओझं आईने दुसऱ्या टोकाने धरून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. क्षणभर त्याला वाटलं, सुटलो. तिघांतल्या दोघांनी ठरवलं तर शहाबादी बसेल, पिवळा दिवा पुन्हा लागणार नाही आणि आपण घाटात जात राहू.

"मग आज का बोललीस?" त्याने विचारलं.

"काल गवा आडवा आला म्हणे. सकाळपासून जो तो येऊन तुझं कौतुक सांगून जातोय." आता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मला खरं सांग. पाय वेळेवर उचलला होता?"

केदारने आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं. त्यांना उत्तर मिळालं. नजर त्यांनी काढून घेतली नाही.

बाहेर फाटक वाजलं. तन्वी बँकेतून थेट इकडे आली होती, कानाला फोन, उद्या डॉक्टरांकडे जायच्या गाडीच्या जागा ठरवत. मागोमाग नियाजभाई मिशा पुसत आला आणि म्हणाला, बोला साहेब, दिवस चाललाय, शहाबादी उतरवू की नको?

केदार खाली बसला. बूट काढले. मोजे काढले, नीट घडी करून बुटात ठेवले. मग उठला आणि ज्या फरशीला इतके दिवस वळसा घालत होता तिच्यावर जाऊन उभा राहिला. ती गार होती. तो जागच्या जागी पावलं टाकू लागला, डावं, उजवं, डावं, उजवं.

"हे काय नवीन?" तन्वीने फोन खाली घेतला. "तुला तर चौकी नको होती ना घरात?"

"इकडे ये," तो म्हणाला. "आणि नुसती बघ. काही बोलू नकोस."

फरशीच्या कडेला दिवा लागला. पिवळा. तन्वीने दिव्याकडे पाहिलं, केदारच्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून सासूबाईंच्या तपकिरी मोज्यांकडे पाहिलं. तिचा हात तोंडाशी गेला.

तिच्या दुसऱ्या हातातला फोन मघापासून उत्तराची वाट बघत होता. त्याने पुन्हा तोच प्रश्न केला.

"उद्या सकाळची घाटगाडी. चालक केदार शेट्ये. दोन जागा, शुभांगी शेट्ये आणि तन्वी शेट्ये. पक्क्या करू का?"