भट्टीतली बावीस शिल्पं

"चूक माझी अहे. हेडमास्टरला तसें लिहूनही दिलें," कृष्णवेणी म्हणाली. "तुम्ही कॉफी घ्या वेंकोबा, आणि घरीं जा."

तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या शाळेत ती अठरा वर्षं मातीकाम आणि शिल्प शिकवत होती. १९८६च्या विजयादशमीला सकाळी तिने विजेची भट्टी उघडली, तेव्हा अकरावीच्या मुलांची बावीसच्या बावीस शिल्पं तडकलेली निघाली. आज, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, हेडमास्तर तिचा वर्ग कायमचा बंद करण्याच्या हुकमावर सही करणार होते.

वेंकोबाला इथे ओढून आणलं होतं रंगाने. रंगा कृष्णवेणीचा धाकटा भाऊ आणि वेंकोबाचा मदतनीस. संशयित ठरवण्यात नेहमी पहिला, बरोबर ठरण्यात शेवटचा. वेंकोबा विमा कंपनीतून निवृत्त झालेला खाजगी तपासनीस होता. माणसं खोटं बोलतात याचं त्याला आता नवल वाटत नसे, फक्त थकवा येई. कृष्णवेणी खोटं बोलत होती, म्हणून तो खुर्चीत टेकला.

"काय चुकलें, अक्का?"

"माती ओली होती. मी घाई केली. दमलें मी, वेंकोबा. शाळेस वर्ग नको, मलाही आतां नको."

तुकडे तिने झाडून पोत्यात भरले होते. वेंकोबाने एक उचलला. निळी चकचकीत झिलई, आत भाजलेली तांबडी माती. काठ इतका धारदार की त्याच्या बोटातून रक्त आलं. रंगा रुमाल शोधत भिंतीवरच्या तक्त्यापाशी रेंगाळला. कृष्णवेणीने मुलांसाठी तमिळमध्ये लिहिलेला तो धडा त्याने उगीच वाचून दाखवला. माती दोनदा भाजायची, एकदा कोरी, मग झिलई लावून. झिलई वितळते आणि निवताना काच होते.

"पुरे," कृष्णवेणी म्हणाली.

वेंकोबा खोलीत हिंडला. परवा खंडेनवमीला झालेल्या आयुधपूजेचं गंध चाकांवर, कोरण्यांवर पिवळंधमक वाळलं होतं. भट्टीच्या दारावरची गंधाची तीन बोटं मात्र आतल्या कडेवर होती, दार लावलं की झाकली जाणारी. तिथलं गंध करपून तपकिरी झालं होतं. भट्टीची वीज आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी सहाला बंद केली आणि ती निवायला दीड दिवस लागतो, असं कृष्णवेणीने सांगितलं. पूजेच्या दिवशी ती घरीच होती.

चित्रकलेचे मास्तर अनंतकृष्ण यांना ही खोली हवी होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पण त्यांनी तंजावरच्या बसची तिकिटं दाखवली. पूजेच्या दोन दिवस आधी ते गेले होते, काल रात्री परतले. रंगाचा चेहरा पडला.

प्रतापसिंह शाळेचा जुना शिपाई. या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे आणि भट्टी अठरा वर्षं तोच लावी. प्रश्न विचारण्याआधीच त्याचे डोळे भरले होते.

"प्रत्येक मूर्ती हातानें ठेवली, सार. पूजाही नेमानें केली. देवास काय उणें पडलें, कळत नाहीं."

वेंकोबाने त्याला आणखी काही विचारलं नाही.

हेडमास्तर राघोत्तम यांच्या खोलीबाहेर फळ्यावर त्यांच्या सहीची सूचना अजून होती. आयुधपूजेला सकाळी नऊच्या आत शाळेतलं प्रत्येक यंत्र बंद करून, उघडून, पुसून पूजेस ठेवावं. सबब ऐकली जाणार नाही. वेंकोबाने ती टाचणीसकट काढून खिशात घातली. अडीच वाजले होते. त्याने प्रतापसिंहाला समोरच्या हॉटेलातून चार कॉफी आणायला पाठवलं, मग कृष्णवेणी आणि रंगाला घेऊन आत गेला.

"ओल्या मातीनें हें झालें नाहीं," तो म्हणाला. "झिलई लावलेला तुकडा एकदां भाजून झालेला असतो. त्यांत ओल कुठली? आणि तापतांना तडा गेला असता, तर वितळलेली झिलई काठावरून ओघळून काठ गोल झाला असता. हा बोट कापतो. म्हणजे झिलईची काच झाल्यावर, निवतांना तडा गेला. तापल्या भट्टीचें दार कोणी उघडलें आणि गार वारा आंत शिरला."

"कोणी?" राघोत्तम म्हणाले.

"दाराच्या आंतल्या कडेस गंध अहे. दार उघडल्याविना तें लावतां येत नाहीं, आणि दार तापलें नसतें तर तें करपलें नसतें. म्हणजे पूजेच्या सकाळीं. तेव्हां अक्का घरीं, अनंतकृष्ण तंजावरास. किल्ली आणखी एकाकडेच."

"प्रतापसिंह," रंगा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं बरोबर ठरलं, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

"होय. पण भट्टी उघडायला कोणी सांगितलें?" वेंकोबाने सूचनेचा कागद टेबलावर ठेवला.

राघोत्तम यांनी स्वतःचीच सही दोनदा वाचली. मग त्यांनी हुकमाचा कागद ओढला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"अक्का, काठ पाहतांच तुम्हांस कळलें होतें," वेंकोबा म्हणाला.

"कळलें. अठरा वर्षांत त्याच्या हातून एक मूर्ती फुटली नाहीं. देवासाठीं केलें त्यानें. त्यास कोणत्या तोंडानें सांगूं? वर्ग गेला तर गेला, असें म्हणटलें मी."

दारात पेले किणकिणले. प्रतापसिंह कॉफी घेऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे. वेंकोबाला स्वतःच्या हुशारीचा वीट आला.

"पोरांस काय सांगितलें, टीचरम्मा?" प्रतापसिंहाने विचारलं.

"माती ओली होती म्हणून."

"मातीस कशास दोष?" त्याने ताटली टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले. "वर्ग भरला अहे. मी सांगून येतों."

रंगा अडवायला उठला. वेंकोबाने त्याची बाही धरली.

"थांबा," कृष्णवेणी खुर्चीवरून उठत म्हणाली. "मीही येतें."

प्रतापसिंहाने मागे वळून पाहिलं नाही. पण पायऱ्यांपाशी तो तिच्यासाठी थांबला.