साठची लादी

भुतंबितं मी मानत नाही, आधीच सांगते. लोअर परळला सॉफ्टवेअरमध्ये कामाला आहे. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, एवढंच मला ठाऊक.

करी रोडला चाळीतल्या आमच्या खोलीत नवी लादी बसवायची होती. खोली चारशे वीस बाय तीनशे सेंटिमीटर. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच अट. "देवासमोर कापलेली लादी नको. तुकडो उरूक नको."

"मग मसावि काढू या," मी म्हटलं आणि गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसले. चार ओळींचा लूप. मोठ्या मापातून लहान माप जमेल तितक्यांदा काढून टाकायचं, जी बाकी उरेल तिनं लहान मापाला पुन्हा तसंच. बाकी शून्य झाली की हातातला आकडा म्हणजे सगळ्यात मोठी चौकोनी लादी. नानांना दाखवायचं म्हणून प्रत्येक फेरीला एंटर दाबायचं ठेवलं. नाना दाराशी खाटेवर बसले होते, आई मागे ओट्यापाशी चहा करत होती.

एंटर दाबलं. ३००, १२०.

"मेघना, भिंत फुडे इली काय गो?" नानांनी खाटेवरून विचारलं.

मी हसले. मग वळून पाहिलं. मागची भिंत खाटेला टेकली होती. ओटा नव्हता, आई नव्हती. चहाचा वास मात्र येत होता. टेप लावली. दारापासून भिंत एकशे वीस. नानांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

आईला फोन लावला. तिनं उचलला.

"अगो, दार खंय गेला? चारय भिंती सारख्योच दिसतत."

दिसणारच. तीनशे बाय तीनशे. काढून टाकलेला भाग चौरसच असतो.

प्रोग्रॅम बंद करायला गेले, बंद होईना. एंटरला बोटही लागलं नव्हतं, तरी पुढची ओळ आली. १२०, ६०. बाजूच्या भिंती आत सरकल्या. खाट मोडली.

"आई, हलू नकोस."

६०, ०. उत्तर ६०.

दाराच्या जागी आता नुसती भिंत होती. नाना तिच्यावर हात आपटत होते.

"जमिनीवर रेघो उठतत गो," आई म्हणाली. "चौकोन चौकोन."

"रेघेवर राहू नकोस, रेघेवरचं कापलं जाईल. एका चौकोनात बस. अंग चोरून बस, आई."

"बसलंय."

फोनमध्ये तिनं पाय ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मेघना, पाय मावनत नाय."