खाली नाव नसलेला निरोप

ओनोमिचीच्या बोटीच्या धक्क्यावर तेव्हा एकच सार्वजनिक फोन होता, आणि संध्याकाळी त्याच्यापुढे ही लांब रांग! पेजरचे दिवस ते. फोनची बटणं दाबून निरोप धाडायचा, एकेका अक्षराला दोन-दोन आकडे, आणि पलीकडच्या इवल्याशा पडद्यावर निम्म्या रुंदीची, अंग चोरून बसलेली जपानी कताकाना लिपीतली अक्षरं उमटायची. जागा जेमतेम एका ओळीची. त्यात 'क'चा 'ग' करायचा तर त्याची दोन टिंबंसुद्धा वेगळं घर अडवून बसत. तरी शेवटची घरं प्रत्येक जण आपल्या नावासाठी राखायचा, कारण निरोप कुणाचा हे पेजर सांगत नसे.

त्या दिवशी पुढचा उंच तरुण आकड्यांचा तक्ता हातात धरून एकेक बटण शोधत होता. पुन्हा लाइन कटली, तसा मागे उभ्या चिहारूचा धीर सुटला. कापडदुकानात दिवसभर उभं राहून तिचे पाय बोलायला लागले होते.

"काय पाठवताय एवढं? कादंबरी?"

तो ओशाळला. "नाही हो... 'भात लाव', एवढंच."

"सरका."

तिची बोटं बटणांवरून भराभर फिरली. खाली नाव काय टाकू, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "नाव नको. बाबांना माझ्याशिवाय निरोप धाडणारं आहेच कोण?"

जहाजाच्या कारखान्यातल्या ठोकाठोकीत वडिलांचे कान गेले होते. फोन ऐकू येत नसे. पण खिशातला पेजर थरथरला की ते वाचायचे. हा तरुण, कोहेइ, समोरच्या बेटावरच्या त्याच कारखान्यात होता. संध्याकाळी ड्रॉइंगच्या क्लासला इकडे यायचा आणि बोटीनं परतायचा.

मग रोजचंच झालं. तो सांगायचा, ती बटणं दाबायची. 'मासा भाज.' 'छत्री घे.' मागची रांग कुरकुरायची, पण ऐकतंय कोण!

"तुमच्या घरी खाण्याशिवाय काही बोलत नाहीत का?" तिनं एकदा चिडवलं.

"बोलायचंय ना..." तो बटणांकडे बघत म्हणाला, "पण एका ओळीत मावत नाही."

चिहारूचे कान लाल झाले. तिनं त्याचा हात ओढला आणि तळव्यावर आपला पेजर नंबर लिहून टाकला.

निरोप मात्र आला नाही. पुढे तर तो धक्क्यावर दिसेनासाच झाला. तिचा जीव त्याच्यात अडकला होता, आणि नंबर आपणहून दिला म्हणून तिची तिलाच लाज वाटत होती.

एका रविवारी दुपारी दुकानात तिचा पेजर थरथरला. 'दोनला धक्क्यावर या.' खाली नाव नाही. सोबतीण नोबुए हसली. अगं, कुणाचा तरी नंबर चुकला असेल, नाहीतर थट्टा असेल, असे टवाळ काय कमी आहेत? चिहारूनंही पेजर बाजूला ठेवला आणि गिऱ्हाइकाचं कापड गुंडाळायला घेतलं. गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. नाव टाकायची सवयच नसलेला माणूस तिच्या ओळखीत एकच होता. दोन वाजत आले होते. कापड नोबुएच्या हातात कोंबून ती उतारावरून धावत सुटली.

कोहेइ फोनपाशीच उभा होता, शेजारी बॅग. कारखान्यानं नागासाकीला बदली केली होती. सामानाची बांधाबांध, वडिलांची सोय, यात दिवस गेले. आज मोकळा होईन, उद्या होईन, असं म्हणता म्हणता गाडीची वेळ झाली होती.

"निरोप कुणी पाठवून दिला?" ती धापा टाकत म्हणाली.

"मीच. पहिल्या आठवड्यातच जमायला लागलं होतं... पण सांगितलं असतं, तर तुम्ही कशाला थांबला असता?"

तिला हसू आलं, रडूही आलं. "आणि नाव? मी आले नसते तर?"

त्यानं जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "तू मला हवी आहेस, चिहारू. तिकडे गेलो तरी."

"मग यापुढं माझ्या पेजरवरही नाव नको टाकूस," ती म्हणाली. "बाबांना मात्र आजपासून टाकत जा. त्यांना आता मीही पाठवणार."

गाडी गेली. संध्याकाळी चिहारू रांगेत उभी राहिली आणि बेटावरच्या पेजरला निरोप धाडला, 'भात लावा', आणि खाली अंग चोरलेल्या अक्षरांत आपलं नाव. मागे वळते तोच तिच्या खिशात थरथर झाली. 'पोचलो.' खाली नाव नव्हतं.