दुपारीच का बिघडतो कॉम्प्युटर?

"खोटं बोललात तुम्ही, साहेब! धडधडीत खोटं!"

चारुशीलाने कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर दाणकन थाप मारली. दाराला कुलूप होतं आणि साहेबांची जीप केव्हाच फाटकाबाहेर गेली होती. ऐकलं ते फक्त तिच्या मैत्रिणीने, शामलाने, आणि व्हरांड्यात उकिडवं बसलेल्या कवडूने.

"हळू वं! चपराशी येईल," शामला कुजबुजली.

"येऊ दे! सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणे, मुलींच्या हातानं मशीन बिघडते, मुलींची बॅच कायमची बंद! कायमची, शामला! जूनमध्ये शाळा उघडली तरी आपण हात लावायचा नाही!"

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. दिवाळीनंतर त्यांनी सीताबर्डीच्या दुकानातून शाळेसाठी कॉम्प्युटर आणला. १९८८ साली नागपुरात किती शाळांकडे होता असा? वर्ग सुरू झाले, ते उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू राहिले. सकाळी मुलं, दुपारी मुली. नववीतली चारुशीला तर स्वतः प्रोग्राम लिहायची. आणि गेल्या आठवड्यापासून रोज दुपारी तेच! स्क्रीनवर 'मेमरी एरर', आणि मशीन ठप्प.

"सकाळी आमच्या बॅचले काहीच नाही होत," कवडू डोकं खाजवत म्हणाला. खापरखेड्याच्या वीज कॉलनीतला हा पोरगा सुट्टीत मामाकडे राहायचा, इथल्या वर्गाला यायचा आणि घरातले रेडिओ खोलून मामीच्या शिव्या खायचा. "उलट जास्तच पळून राहिली मशीन."

चारुशीला गर्रकन वळली. "जास्त पळते? म्हणजे काय?"

"मले तसं वाटते बा."

"वाटून काय उपयोग? मोज! माझा ठिपक्याचा प्रोग्राम आहे ना? ठिपका डावीकडून निघतो आणि उजव्या कडेला आपटतो. फेब्रुवारीत आम्ही मुली त्याच्याबरोबर बेचा पाढा म्हणायचो. बरोबर 'बे दाहे वीस'ला आपटायचा! उद्या तू म्हण."

"पोरांसमोर पाढे? हसतील न वं!"

"हसू देत. तुझे दात नाही पडणार!"

दुसऱ्या दिवशी कवडू वर्गातून धावतच आला. "बे साती चौदा! पाढा अर्ध्याच्या थोडा पुढं गेला, का ठिपका आपटला! मी तीनदा म्हटला. सगळी बॅच हसली, पण ठिपका तिथंच!"

"म्हणजे कोणीतरी मशीन जोरात पळवलंय," चारुशीला म्हणाली. "पण कोणी?"

उत्तर फार लांब नव्हतं. साहेबांचा भाचा मधुसूदन इंजिनीअरिंगला होता आणि कॉम्प्युटरची देखभाल त्याच्याकडे होती. तो फाटकाशी उसाचा रस पीत उभा होता. कवडू त्याच्यापाशी गेला. मुली रसाच्या गाड्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"मधुदादा, मशीन तर रॉकेट झाली गा! कोणाची जादू?"

मधुसूदन फुलला. "कोणाची म्हणजे? माझी! आत एक क्रिस्टल असतो. तो प्रोसेसरला ताल देतो. काढला तो, जास्त जोराचा बसवला. मामाच म्हणाले, रविवारी कॉम्प्युटर बघायला पाहुणे येतात, आपलं मशीन सगळ्यांच्या पुढं पळालं पाहिजे."

"साहेबांले माहीत आहे?"

"अरे, त्यांच्यासमोरच बसवला! बोलू नको कुठं."

गाड्यापलीकडे चारुशीलाच्या मुठी वळल्या. साहेबांना माहीत होतं! तरी दोष मुलींना!

"पण दुपारीच काहून बिघडते?" शामलाने विचारलं. तिघं कडुलिंबाखाली बसली होती. नवतपा लागलेला, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. फरशीवर पाय ठेवला तर पोळत होता.

"तू मला पाढे विचार," चारुशीला म्हणाली. "हळू."

"सात पंचे?"

"पस्तीस."

"आता जोरात! आठ साती? नऊ सक? सहा आठे?"

"छप्पन्न, चोपन्न, बेचा... नाही, अठ्ठेचाळीस! बघ, चुकले! प्रोसेसर असाच मेमरीला विचारतो. त्याचा ताल वाढवला, पण मेमरीच्या चिप्स जुन्याच. सकाळी कशाबशा उत्तर देतात. तापल्या की आणखी मंदावतात, आणि चुकतात!"

"आणि सकाळी कूलर मशीनपाशी असते," कवडू उडालाच. "दुपारी चपराशी तो साहेबांच्या खोलीत ढकलत नेते!"

"आमच्या बॅचला हवासुद्धा नाही!" शामला संतापली. "चल, कॉम्प्युटरच्या विश्वनाथ सरांना सांगू."

"सांगितलं तर साहेब हसतील. दाखवायचं. सगळ्यांसमोर!"

रविवारी भर दुपारी सभागृह भरलं. मुलं, शिक्षक, पालक, देणगीदार, आणि प्रमुख पाहुण्या यमुताई. कडक म्हणून ख्याती असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका! कॉम्प्युटरसमोर मधुसूदन ऐटीत बसला होता. कूलर त्याने मुद्दाम मशीनकडे तोंड करून ठेवला होता. मुलींना मागच्या रांगेत बसवलं होतं.

कवडू पाण्याचा ट्रे घेऊन साहेबांपाशी वाकला. "साहेब, यमुताई घामाघूम झाल्या जी. कूलर तिकडं काहून?"

साहेब दचकले. "अरे, कूलर पाहुण्यांकडे फिरवा!"

"मामा, नको!" मधुसूदन ओरडला.

"गप रे! मशीनला काय घाम येतो?"

कूलर फिरला. मधुसूदनची बोटं भराभर चालू लागली. चित्र उमटलं, आकडे धावले, टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने आकडे अडखळले. मग स्क्रीनवर ते दोन शब्द आले. मेमरी एरर!

मागच्या रांगेत चारुशीला उभी राहिली.

"आता कोणत्या मुलीनं हात लावला, साहेब?"

"खाली बस!"

"बसणार नाही! विश्वनाथ सर, मशीन उघडा. क्रिस्टल बदललाय!"

"उघडा," यमुताई म्हणाल्या. मग कोण अडवणार?

सरांनी झाकण काढलं, वाकून पाहिलं आणि मान वर केली. "मधुसूदन, मूळचा कुठंय?"

मधुसूदनने मान खाली घालून कपाटाकडे बोट दाखवलं. सरांनी जुना क्रिस्टल बसवला. चारुशीलाने ठिपक्याचा प्रोग्राम सुरू केला आणि अख्ख्या सभागृहाने पाढा धरला. 'बे दाहे वीस' म्हणताच ठिपका कडेला आपटला! कूलर पाहुण्यांकडेच होता. ठिपका पुन्हा निघाला, पुन्हा आपटला. कितीतरी फेऱ्या झाल्या, पण मशीन अडलं नाही!

"शाबास पोरींनो, आणि तूही रे!" यमुताईंनी कवडूच्या पाठीवर थाप मारली. "असं डोकं चालवणारी मुलं मी फार थोडी पाहिली. मुलींची बॅच उद्यापासून सुरू. बरोबर ना, साहेब?"

"हो, हो, सुरू!" साहेबांनी घाईघाईने हसून टाळ्या सुरू केल्या. "शाबास! झालं गेलं विसरून जा, बेटा."

चारुशीला जागची हलली नाही. टाळ्या थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"मशीन जोरात पळवायला आमची ना नव्हती, साहेब. तशी मेमरी घालायची, हवा द्यायची, आम्हीच त्याला पळवून दाखवलं असतं! पण क्रिस्टल बदलला हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही सगळ्यांसमोर आमचं नाव घेतलं. का? आज सगळी शाळा इथंच बसली आहे. बोला साहेब, का घेतलं?"