पोचवणारा

उमरकुंडात आता कोणी दारू पीत नव्हतं. पीत होता तो एकटा खेमजी, आणि तो सगळ्यांच्या वाटची पीत होता.

सातपुड्यातल्या या पाड्यात लग्न ठरो, पेरणी होवो की माणूस मरो, मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीवर पडायची ती पूर्वजांसाठी. पण नुसती धार पुरत नाही. जिवंत माणसाच्या घशातून उतरेल तेवढीच पलीकडच्यांच्या घशाला पोचते, अशी इथली समजूत. म्हणून पानाचा द्रोण हातोहात फिरायचा. तो आताही फिरे, पण प्रत्येक जण कपाळाला लावून पुढे देई आणि शेवटी तो खेमजीपाशी येऊन थांबे. गाव त्याला पोचवणारा म्हणे. मान मोठा होता. बसायला घोंगडी, मटणातला पहिला वाटा. त्याची बायको रुमाली मात्र ती घोंगडी अंथरलेली दिसली की तोंड फिरवी.

हे सगळं आलं लालीच्या लसीमुळे. ती लस घेऊन येणाऱ्या डॉक्टर अनघा टिळेकर यांनी रुमालीला पहिल्याच फेरीत सगळं समजावून सांगितलं होतं. यकृत दारूचा निकाल दोन टप्प्यांत लावतं. पहिल्या टप्प्यात तिचं जहाल विष बनतं, दुसऱ्यात त्या विषाचं निरुपद्रवी आंबट पाणी.

"लग्नात एक जण खरकटी भांडी आणून टाकतो, दुसरा घासतो, तसं," बाई म्हणाल्या होत्या. "आता घासणाऱ्यालाच घरी पाठवलं तर?"

"ढीग लागेल. वास मारेल," रुमाली म्हणाली.

तसाच ढीग शरीरात लागतो. तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, पोट उलटतं. चीन-जपानकडे पुष्कळ माणसं असा अधू जनुक घेऊनच जन्माला येतात, आणि त्यांच्यात दारूच्या आहारी जाणारे कमी निघतात. तोंडावर येणाऱ्या या लालीवरूनच नाव पडलेली लालीची लस हेच अधूपण एका सुईत यकृतात पेरत होती, जन्मभरासाठी. ती आधी पाड्यांना मिळाली, कारण यांच्या रक्तातच दारू आहे हे शहरातल्या शहाण्यांनी तपासण्याआधीच ठरवून टाकलं होतं. तपासणीत तसं काही निघालं नाही. धोका माणसागणिक वेगळा होता, जमातीवर शिक्का मारावा असं त्यात काही नव्हतं. पण तोवर लसीच्या गाड्या निघाल्या होत्या, आणि निघालेली सरकारी गाडी माघारी कोण वळवणार?

गुण आला, हे मात्र कबूल करायला हवं. घराघरातली भांडणं निवली, पोरांच्या अंगावर कपडे दिसू लागले. रुमालीनेही लस घेतली. खेमजी तेवढा त्या वर्षी ऊसतोडीला गेला होता. लसीनंतरच्या पहिल्याच सणाला लोकांनी रीतीप्रमाणे द्रोण तोंडाला लावले आणि सगळे ओकत पडले. पलीकडे थेंबही गेला नाही. तेव्हा नुकत्याच परतलेल्या खेमजीने एकट्याने सगळ्यांचे द्रोण रिकामे केले, आणि पुजारा गिंबाने त्याला पुढे लस घेऊच दिली नाही.

गंमत अशी की खेमजी मुळात सणाला एखादा द्रोण घेणारा माणूस. टिळेकरबाईंनी त्याचे जनुक तपासले, तेव्हा अख्ख्या पाड्यात व्यसनाचा धोका सर्वांत कमी त्याला निघाला. व्यसन त्याला लागलंही नाही. काढा घ्यावा तशी तो डोळे मिटून पीत राहिला.

यंदा त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. बाई लसीचे दोन डोस घेऊन आल्या, एक खेमजीसाठी आणि एक रुमालीच्या नव्या नातवासाठी. आता पिणं थांबलं तर यकृत अजून सावरेल, असं त्यांनी सांगितलं. अंगणात गिंबा येऊन बसला होता. तो रागावलेला नव्हता.

"एकालाच द्या, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "दोघांना दिली तर आमची माणसं तहानेली राहतील. पोर लहान आहे खरं, पण त्याच्या ओठाला दारूचं बोट लावलं तरी पोचेल."

बाई चिडल्या. मेलेल्यांना तहान नसते, आणि कायद्याने तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, असं त्यांनी रुमालीला बजावलं. पण रुमालीला गिंबाची भीती नव्हती. तिचेही आईबाप पलीकडेच होते. तिने झोळीतल्या बाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बाळाला द्या," ती म्हणाली. खेमजीने मान डोलावली. तू बरोबर केलंस, एवढंच तो नंतर तिला म्हणाला, आणि ती पदर तोंडात धरून रडली.

होळीच्या आधी तो गेला. त्याच्यासाठी धार टाकली, द्रोण फिरला, कपाळाकपाळाला लागत शेवटी आला आणि रिकाम्या घोंगडीवर ठेवावा लागला. ज्याने सगळ्यांचं पोचवलं त्याचं पोचवायला कोणी उरलं नव्हतं. संध्याकाळी द्रोणात मुंग्या तरंगत होत्या.

मग तो दिसू लागला. भर दुपारी, नाल्याच्या काठी, ओणवा. ओंजळीने पाणी तोंडाशी नेई, पण ओठ कोरडेच राहत, चिरलेले, पांढरे. रुमालीने पाड्यात कोणाला सांगितलं नाही. नंतर कळलं, पाड्यातल्या बायका आपापली गेलेली माणसं तिथेच ओणवी पाहत होत्या आणि त्याही गप्प होत्या. दुःखात मन अशी चित्रं रंगवतं, असं टिळेकरबाईंनी फोनवर समजावलं. सगळ्यांना एकच चित्र कसं दिसतं, असं रुमालीने विचारलं, तेव्हा त्यांनी नाल्याचं पाणी बाटलीत भरून पाठवायला सांगितलं.

रुमालीने एकदा दार लावून त्याच्यासाठी द्रोणभर पिऊन पाहिली. तोंड पेटलं, छाती फुटेल असं वाटलं, आणि होतं नव्हतं ते जमिनीवर पडलं. तिचंच यकृत तिला नवऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हतं.

पावसाळा सरता सरता शेजारच्या बोंदरच्या बायकोला मुलगी झाली. गाव एकदम मायाळू झालं. कोणी अंडी आणली, कोणी तूप. बायका झोळीभोवती येऊन बसत आणि उठायचं नाव घेत नसत. कोंबडी घेऊन रुमालीही गेली.

बाई डोस घेऊन आल्या तेव्हा बाळंतीण घाबरून गेली होती. रुमालीला पाहून तिला धीर आला, बाईंनाही आला. स्वतःच्या नातवाला हिनेच तर वाचवलं होतं.

"काकी, तुम्ही सांगा ना यांना," भोवती बसलेल्या बायकांकडे बघत बाळंतीण म्हणाली.

रुमालीने बाळाला मांडीवर घेतलं. त्याचे इवलेसे ओठ दुधाने ओले होते. तिने ते पदराने हळूच पुसले.

"हिला राहू द्या, बाई," ती म्हणाली. "माझा माणूस तहानेला आहे."